पोटरी दुखते, पण नेमकी कधी?

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. माझं वय ५२, राहायला बार्शीत. मेसच्या आणि लग्नकार्याच्या पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. सकाळी पाच ते दहा ओट्यापाशी उभी असते. दोन महिने झाले, डावी पोटरी दुखते. मंडईतून भाजी घेऊन निघाले की मारुतीच्या देवळापर्यंत येईस्तोवर पोटरी अशी आवळते की पायरीवर बसावंच लागतं. पाच मिनिटांत बरं वाटतं. उठून चालू लागले की पोस्टाजवळ परत तेच. ओट्यापाशी उभं राहून मात्र दुखत नाही. एक्स-रे काढला, कॅल्शियम, युरिक ॲसिड सगळं नॉर्मल. आठ वर्षांपासून शुगर आहे, गोळी चालू आहे. चार महिन्यांपूर्वी कोलेस्टेरॉलची गोळीही सुरू झाली. मावशी म्हणतात, नसेवर नस चढलीय. जाऊबाई रोज रात्री तेल लावून पोटरी रगडून देतात, वर गरम पाण्याची पिशवी ठेवतात. औषधाच्या दुकानातल्या मुलानं घट्ट मोजे घ्या म्हणून सांगितलं, अकराशे रुपयांचे आहेत. घेऊ का? व्यसन काही नाही, सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते एवढंच. मुलगा म्हणतो, रिपोर्ट नॉर्मल आहेत तर तू उगाच मनाला लावून घेतेस. खरंच मनाचं असेल का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, मनाचं नाही. मनाच्या दुखण्याला देऊळ आणि पोस्ट कळत नाही. तुमची पोटरी रोज ठरावीक अंतरावर दुखते आणि थांबलं की ठरावीक वेळात थांबते. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती हीच आहे, आणि ती कुठल्याच रिपोर्टात नाही. एक्स-रेमध्ये हाड दिसतं. तुमचं हाड चांगलं आहे, एवढंच तो सांगतो. रक्त पोटरीपर्यंत पोचतं की नाही, हे त्याला कळत नाही.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण चौतीस वर्षं कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवताना एक गोष्ट पक्की कळली आहे. पोटरी दुखते म्हणणाऱ्याला ‘कुठे दुखतं’ यापेक्षा ‘कधी दुखतं’ हे आधी विचारायचं. चालल्यावर की बसल्या जागी? रात्री झोपेत की संध्याकाळी उभं राहून? एका पायात की दोन्ही? अचानक सुरू झालं की हळूहळू वाढलं? निम्मं निदान इथेच होतं.

तुमचं वर्णन वाचून पहिली शंका येते ती पायाच्या रोहिणीची, म्हणजे पायाला शुद्ध रक्त पुरवणाऱ्या वाहिनीची. ती आतून अरुंद होत गेली की बसल्या जागी पोटरीला पुरेसं रक्त मिळतं, पण चालताना स्नायूला जे कितीतरी पट जास्त लागतं ते मिळत नाही. स्नायू तडफडतो, तीच ही कळ. थांबलं की मागणी कमी होते आणि कळ जाते. हा आजार माणसाच्या आधी घोड्यात नोंदला गेला. बूले नावाच्या एका फ्रेंच पशुवैद्यानं १८३१ साली गाडीच्या घोड्याबद्दल लिहिलं होतं, की थोडं अंतर धावला की लंगडायचा, उभा केला की बरा व्हायचा. माणसातलं तसंच वर्णन शार्को यांनी १८५८ मध्ये केलं. तुमचं देवळाच्या पायरीवर बसणं त्याच जातीचं वाटतं.

ही शंका बळकट करणाऱ्या दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्या आहेत. एक आठ वर्षांची शुगर. दुसरी मिश्री. ताई, ‘व्यसन काही नाही, मिश्री लावते एवढंच’ हे वाक्य मी माझ्या दवाखान्यात बायकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता विचारताना मी ‘व्यसन आहे का’ असं विचारतच नाही. ‘मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा’ असं थेट विचारते. मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखू. ती दाताला लावली तरी निकोटिन हिरडीतून रक्तात जातं आणि रक्तवाहिन्या आकसतात. बिडी-सिगारेटच्या धुरानं पायाच्या वाहिन्यांचं नुकसान जास्त होतं हे खरं. म्हणून मिश्री निरुपद्रवी ठरत नाही. शुगरनं आधीच खराब होत असलेल्या वाहिन्यांवर हा रोजचा दोन वेळचा मार नको. कुणाला हे बोलायची लाज वाटते, घरचे काय म्हणतील असं वाटतं. सोडायला मदत लागली तर सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत फोनसेवा आहे, तिथे जरूर बोला.

आता काय तपासायचं ते सांगते. मशीनच्या आधी हात. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या शिरांमधल्या खाचेत एक नाडी असते. दुसरी आतल्या घोट्याच्या हाडामागे. डॉक्टरांना सांगा, ‘दोन्ही पायांच्या नाड्या बघा.’ काही निरोगी माणसांत वरची नाडी लागत नाही, म्हणून घोट्यामागची बघितल्याशिवाय काही ठरवायचं नाही. दोन पायांत फरक लागला तर पुढची तपासणी म्हणजे घोट्याचं आणि दंडाचं रक्तदाब मोजून त्यांचा भागाकार. समजा दंडावर वरचा आकडा १४० आला आणि घोट्यावर ९०, तर भागाकार ०.६४. निरोगी पायात तो एकच्या आसपास असतो, ०.९० किंवा त्याखाली गेला की वाहिनी अरुंद आहे असं धरतात. शुगरच्या जुन्या रुग्णांत वाहिन्यांच्या भिंतीत चुना साठून त्या कडक होतात आणि हा आकडा खोटा मोठा येतो, अगदी १.४ च्याही वर. तसं झालं तर ‘चांगला आला’ म्हणून खूश व्हायचं नाही, अंगठ्यावरचा दाब मोजायचा. त्यानंतर कलर डॉपलर, म्हणजे वाहिनीतून रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी. बार्शीत सोय झाली नाही तर सोलापूरला सिव्हिलमध्ये चौकशी करा.

दुसरी शक्यता मणक्याची आहे आणि ती बऱ्याचदा या पहिल्या आजाराचं सोंग घेऊन येते. कमरेच्या मणक्यातली नसांची, म्हणजे मज्जातंतूंची, जागा अरुंद झाली की चालताना पाय भरून येतात, बसलं की बरं वाटतं. फरक असा, की मणक्याच्या दुखण्यात नुसतं उभं राहून आराम पडत नाही. बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. अशी माणसं सायकल मैलभर चालवतात, हातगाडीवर वाकून ढकलत जातात, पण सरळ चालायला लागली की अडतात. तुम्हाला ओट्यापाशी उभं राहून दुखत नाही, हे मणक्याच्या विरुद्ध जातं. मात्र पोळी लाटताना आपण किंचित पुढे झुकतो, त्यामुळे त्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. एक साधा प्रयोग करा. पुढच्या वेळी देवळापाशी कळ आली की बसू नका. खांबाला न टेकता, पिशवी खाली ठेवून, ताठ उभ्या राहा. दोन-पाच मिनिटांत तशीच कळ गेली तर वाहिनीकडे संशय वाढतो. नाही गेली आणि बसल्यावर किंवा वाकल्यावरच गेली तर कमरेचा एमआरआय लागेल का, हे हाडांच्या डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांना या प्रयोगाचं उत्तर नुसतं सांगितलंत तरी त्यांचं काम हलकं होईल.

आता तुमच्या जाऊबाईंबद्दल. रोज रात्री कामं आटोपून त्या तुमचा पाय हातात घेतात, यात किती माया आहे हे मला कळतं. तरीही पोटरी रगडणं तपासणी होईपर्यंत थांबवा, आणि गरम पाण्याची पिशवी तर आजच बंद करा. शुगरमध्ये पावलांची जाणीव कमी होते, पिशवी किती गरम आहे हे कळत नाही. भाजून फोड आला आणि पायाला रक्त कमी पोचत असलं, तर तो फोड महिनोन् महिने भरत नाही. बोट गमावण्यापर्यंत गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

रगडण्याबद्दल इतकं ठाम का सांगते, त्याला कारण आहे. १९९४ साल असेल. मी दवाखाना नुकताच सुरू केला होता. पस्तिशीचा एक सुतार आला. माडीवरून पडून घोटा मोडला होता, सहा आठवडे प्लॅस्टर होतं, ते निघून चार दिवस झाले होते. पोटरी दुखते म्हणाला. प्लॅस्टरमुळे स्नायू आखडला असेल असं मला वाटलं. तेल लावा, चोळा, हळूहळू चाला, असं सांगून मी त्याला घरी पाठवलं. घरच्यांनी मनापासून चोळलं. तिसऱ्या रात्री त्याला धाप लागली. गाडीत घालून मोठ्या गावी नेईपर्यंत तो गेला. पोटरीतल्या खोल नीलेत, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिनीत, रक्ताची गाठ झाली होती, ती सुटून फुप्फुसात गेली असणार. प्लॅस्टर, महिनाभर न हललेला पाय, एकाच पोटरीचं दुखणं, सगळं समोर होतं आणि मी दोन्ही पोटऱ्या शेजारी ठेवून बघितल्यासुद्धा नव्हत्या. त्या आठवड्यात मी शिंप्याकडची टेप आणून टेबलाच्या खणात ठेवली. ती झिजली की नवी आणते, पण खण कधी रिकामा नसतो.

ती टेप कशी लावते ते सांगते, कारण हे घरीही करता येतं. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या वरच्या टोकाला एक हाडाचा उंचवटा हाताला लागतो. त्याखाली दहा सेंटिमीटरवर पेनानं खूण करायची, दोन्ही पायांवर. तिथे पोटरीचा घेर मोजायचा, टेप आवळायची नाही. दोन पायांत तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, शिवाय तो पाय गरम, जड, ताणलेला वाटत असेल, नडगीवर बोट दाबलं की खळगा राहत असेल, तर त्या दिवशीच डॉक्टर गाठायचा. उद्यावर टाकायचं नाही. अलीकडे एखादं ऑपरेशन झालं असेल, पाय प्लॅस्टरमध्ये असेल, बाळंतपणाला सहा आठवडे झाले नसतील, कर्करोगाचे उपचार चालू असतील, चार तासांहून लांबचा प्रवास घडला असेल, संततिनियमनाच्या किंवा पूजा-लग्नासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या असतील, तर हे न विचारता स्वतःहून सांगायचं. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आपल्याकडे मुली दुकानातून परस्पर घेतात आणि त्यांना त्या औषधच वाटत नाहीत. पाऊल वर ओढून पोटरी दुखते का बघायची जुनी पद्धत आहे, तिच्यावर विसंबू नका. गाठ असून न दुखणारे आणि गाठ नसून ओरडणारे, दोन्ही भेटतात. खात्री डॉपलरनंच होते. गाठ सापडली तर रक्त पातळ ठेवण्याचं औषध कमीत कमी तीन महिने घ्यावं लागतं आणि ते वेळेत सुरू झालं तर बहुतेक माणसं सुखरूप राहतात. गाठेचं दुखणं चालण्या-थांबण्याप्रमाणे येत-जात नाही, म्हणून तुमच्या बाबतीत ती शक्यता मला कमी वाटते. पण टेप एकदा लावाच.

ज्यांचा गुडघा झिजलेला आहे त्यांच्यासाठी एक वाक्य जास्त. गुडघ्यामागे पाण्याची पिशवी तयार होते आणि कधी ती फुटून पाणी पोटरीत उतरतं. पोटरी एकदम सुजते, एक-दोन दिवसांत घोट्याजवळ निळसर डाग दिसतो. बाहेरून हे हुबेहूब गाठेसारखं दिसतं. सोनोग्राफीशिवाय दोन्हींतला फरक सांगायला मी धजत नाही.

मोज्यांचं थोडक्यात : घेऊ नका, निदान आत्ता तरी. घट्ट मोजे फुगलेल्या नीलांसाठी असतात. तिथे रक्त वर चढत नाही म्हणून संध्याकाळी पाय जड होतात आणि उशीवर वर ठेवले की बरं वाटतं. तुमच्या पायात रक्त खाली पोचतच नसेल तर घट्ट मोजा उरलंसुरलं रक्तही अडवील. पायाच्या नाड्या तपासल्याशिवाय असे मोजे कुणालाच विकू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्या मुलाचा हेतू चांगला असेल, पण त्यानं तुमचा पाय पाहिलेला नाही.

कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मनात शंका असणार. या गोळीनं स्नायू दुखू शकतात, हे खरं. तसं दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना असतं, मांड्या-पोटऱ्या ठेचल्यासारख्या वाटतात आणि देऊळ-पोस्टाचा हिशेब तिथे लागत नाही. शंका असेल तर सीपीके नावाची रक्ताची साधी तपासणी करा, स्नायूला इजा झाली की तो आकडा वाढतो. सोबत थायरॉइडचीही करा. थायरॉइड मंदावला तरी स्नायू दुखतात. मात्र गोळी आपल्या मनानं बंद करू नका. पायाची वाहिनी अरुंद निघाली तर हीच गोळी तुमच्या उपचाराचा मुख्य भाग असेल, कारण जी वाहिनी पायात अरुंद होते तिच्या बहिणी हृदयात आणि मेंदूतही आहेत.

मावशींच्या ‘नसेवर नस’ला मी हसत नाही. रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो तेव्हा हाताखाली खरोखर दोरीसारखी गाठ लागते, त्यातून तो शब्द आला असावा. तो स्नायूचा पेटका असतो. पाय सरळ करून पाऊल आपल्याकडे ओढून धरलं की सुटतो. तुमचं दुखणं जागेपणी, चालताना येतं. ते वेगळं आहे.

तपासणीत वाहिनीचा आजार निघाला तरी घाबरून जाऊ नका. शस्त्रक्रिया किंवा वाहिनीत फुगा घालून ती रुंद करणं सगळ्यांना लागत नाही. पहिला उपचार चालण्याचाच आहे, आणि तो खरा उपचार आहे. कळ सुरू झाली तरी सोसेल तोवर चालायचं, मग थांबायचं, ती गेली की परत चालायचं. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीन दिवस, तीन महिने. डॉक्टरांनी हृदय तपासून परवानगी दिल्यावर मंडई ते देऊळ किती पावलं होतात ती मोजून वहीत लिहा आणि दर रविवारी परत मोजा. देवळाच्या पुढे जाऊन कळ आली, तर तुमची पोटरी रक्तासाठी नवे आडरस्ते उघडते आहे असं समजा. पाऊल रोज रात्री उजेडात तळव्यापर्यंत बघा, अनवाणी फिरू नका.

आणि यांपैकी काही झालं तर वहीत लिहीत बसू नका : झोपल्यावर पाऊल ठणकणं आणि ते खाटेखाली लोंबतं सोडल्यावर बरं वाटणं, बोट काळं पडणं, जखम दोन आठवड्यांत न भरणं. पाय अचानक पांढरा-गार पडून सुन्न झाला तर सहा तासांच्या आत मोठ्या रुग्णालयात पोचलं पाहिजे. मुलाला हा परिच्छेद वाचायला द्या.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा. चार दिवस फ्लूसारखा ताप, सर्दी, खोकला होता. ताप उतरला आणि काल सकाळी उठल्यावर पाय टेकवेना. चवड्यावर चालतो, पोटऱ्यांना हात लावला की रडतो. काय असेल?
— एक पालक, देवगड

उत्तर : मासिक छापून हातात पडेपर्यंत फार उशीर झाला असता, म्हणून संपादकांकडून तुमचा नंबर घेऊन मी त्याच दिवशी फोन केला. इतर पालकांसाठी इथे लिहिते.

फ्लू उतरता उतरता मुलांच्या दोन्ही पोटऱ्यांचे स्नायू सुजतात, हे डॉक्टरांच्या ओळखीचं चित्र आहे. सकाळी उठल्यावर मूल चालायला नकार देतं किंवा चवड्यावर चालतं, आईबाप हादरतात. सीपीके बरंच वाढलेलं असतं. विश्रांती, भरपूर पाणी आणि वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल एवढ्यावर साधारण आठवड्याच्या आत मूल पळू लागतं. ॲस्पिरिन मुलांना द्यायची नाही.

तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, कारण आपण कोकणात आहोत आणि पाऊस चालू आहे. भाताच्या चिखलात, साचलेल्या पाण्यात खेळलेल्या मुलाला ताप आहे, डोळे लाल आहेत पण चिपडं नाहीत आणि पोटऱ्यांना बोट लावू देत नाही, तर तो लेप्टो नाही हे आधी बघायचं. उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतून येणारा हा जंतू पायाच्या भेगेतून शिरतो. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर त्यानं किती माणसं आजारी पाडली ते सगळ्यांना आठवत असेल. आमच्याकडे तर लावणीच्या दिवसांत तो दरवर्षी डोकावतो. प्रतिजैविक लवकर सुरू झालं तर आवरतो. मूत्रपिंड आणि यकृत धरलं की मग धावपळ होते. तुमच्या मुलाचे डोळे स्वच्छ होते आणि ताप परत आला नव्हता, म्हणून मी जरा निर्धास्त झाले.

दोन गोष्टी मी तुम्हाला फोनवर दोनदा विचारल्या त्या अशा. लघवी कोऱ्या चहासारखी होते का? तशी झाली तर स्नायू फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात जातंय, लगेच दाखल करायचं. दुसरी, पाय दुखतो म्हणून टेकत नाही की पायात जोरच नाही? पलंगावर झोपवून त्याला पाऊल तुमच्या तळहातावर दाबायला सांगा. दुखत असलं तरी दाबता आलं तर ठीक. दाबताच येत नसेल, अशक्तपणा पावलाकडून वर चढत असेल, तर तो स्नायूचा नाही, मज्जातंतूंचा आजार असू शकतो आणि त्याला रात्रीतून मोठ्या रुग्णालयात न्यावं लागतं.

तुमच्या मुलानं तळहात दाबला होता. दोन आठवड्यांनी सीपीके पुन्हा करून घ्या आणि आकडा मला कळवा.